डेस्कटॉप सजवायचं सॉफ्टवेअर मुळापासून काढायचंय, पण विंडोजचे मूळ आयकॉन जायला नकोत

सांजवेळ
शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. घरात दोन लॅपटॉप आहेत. माझा विंडोज ११ चा, बाबांचा विंडोज १० चा. दोन वर्षांपूर्वी हौसेने दोन्हींवर एक डेस्कटॉप सजवायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. सगळे फोल्डर निळे झाले, रिसायकल बिनच्या जागी वेताची टोपली आली, सी ड्राइव्हला वेगळं चित्र, खाली डॉक (आयकॉनची पट्टी), कोपऱ्यात घड्याळाचं विजेट. आता त्याचे अपडेट येणं बंद झालंय आणि लॅपटॉप सुरू झाल्यावर डेस्कटॉप दिसायला बराच वेळ लागतो, म्हणून काढायचं ठरवलं.

मागच्या रविवारी माझ्या लॅपटॉपवरून काढलं. सेटिंग्ज, ॲप्स, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. एवढंच केलं. डेस्कटॉप उघडला तर निम्मे आयकॉन कोऱ्या पांढऱ्या कागदासारखे. रिसायकल बिन कोरं, सी ड्राइव्ह कोरा. फोल्डरही कोरे. मग एका व्हिडिओत बघून 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या फायली शोधशोधून उडवल्या. त्याने डाउनलोड्स, पिक्चर्स, डॉक्युमेंट्स या फोल्डरांची नेहमीची चित्रंही गेली.

आता बाबांचा लॅपटॉप बाकी आहे, त्याला मी अजून हात लावलेला नाही. बाबांची नजर अधू झाली आहे. ते आयकॉनखालचं नाव वाचत नाहीत, चित्र आणि जागा ओळखून क्लिक करतात. ती टोपली त्यांना कधीच पटली नाही, "माझा कचऱ्याचा डबा परत आण" असं दर चार दिवसांनी म्हणतात. त्यांच्याकडे कोरे कागद आले तर लॅपटॉप त्यांच्यासाठी बंद पडल्यासारखाच आहे.

दोन प्रश्न. माझ्या लॅपटॉपचं दुरुस्त कसं करू? आणि बाबांच्या लॅपटॉपवरून हे कुठल्या क्रमाने काढू?

मधली_सुट्टी
शनिवार, सकाळी ९.४५

एखादा रेजिस्ट्री क्लीनर चालवून बघा, उरलंसुरलं सगळं उचलतो. नाहीतर सेटिंग्जमधून विंडोज रीसेट करा, 'कीप माय फाइल्स' निवडून. फायली राहतात.

जुनी_खिडकी
शनिवार, सकाळी १०.२०

सांजवेळ, कृपया यातलं काहीही आत्ता करू नका. 'कीप माय फाइल्स' रीसेटमध्ये फायली राहतात, पण तुम्ही बसवलेले सगळे प्रोग्राम जातात. आयकॉनसाठी एवढं करायची गरज नाही. आणि रेजिस्ट्री क्लीनर वापरण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. रेजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. क्लीनरला तीत मोडकी नोंद दिसते आणि तो ती खोडतो. त्या जागी मूळ नोंद काय होती हे त्याला कळत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुमचे मूळ आयकॉन कुठेही गेलेले नाहीत. ते विंडोजच्या पोटात आहेत. फोल्डर, डबा, ड्राइव्ह, 'धिस पीसी' यांची चित्रं विंडोजच्या 'इमेजरेस' आणि 'शेल३२' या डीएलएल (प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक) फायलींच्या पत्त्यावर मिळतात. तुमच्या सॉफ्टवेअरने त्या चित्रांना हातही लावला नसेल. त्याने एवढंच केलं की 'डब्याचं चित्र इथून घ्या' अशी जी पाटी असते, ती आपल्या फोल्डरातल्या टोपलीकडे वळवली. तुम्ही सॉफ्टवेअर काढलंत, टोपली गेली, पाटी मात्र अजून त्या रिकाम्या जागेकडेच बोट दाखवते आहे. विंडोज तिथे जातं, काही सापडत नाही, कोरा कागद दाखवतं.

म्हणजे काम आहे पाट्या परत वळवण्याचं. बाबांच्या लॅपटॉपवर हे काम सॉफ्टवेअर काढायच्या आधी करायचं. टोपली अजून जागेवर असताना सॉफ्टवेअर स्वतःच त्या पाट्या परत फिरवू शकतं. एकदा ते गेलं की प्रत्येक पाटी हाताने शोधावी लागते, तुमच्या लॅपटॉपवर आता लागणार आहे तशी.

आधी तुमचा घेऊ. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, तिथे खाली 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज'. एक छोटी खिडकी उघडेल, तीत पाच चित्रं: संगणक, तुमच्या फायली, नेटवर्क, भरलेला डबा, रिकामा डबा. एकेक निवडायचं आणि 'रीस्टोअर डिफॉल्ट' दाबायचं. पाचही वेगवेगळे करायचे, एकदा दाबून सगळे होत नाहीत. त्याच खिडकीत 'अलाउ थीम्स टु चेंज डेस्कटॉप आयकॉन्स' अशी टिक असते, ती काढून टाका. तुम्ही टोपलीसकट एखादी थीम सेव्ह केली असेल तर त्या फायलीत टोपलीचा पत्ता लिहिलेला असतो. पुढे कधी ती थीम लावलीत की मोडका पत्ता परत येईल.

एवढं करून काय दिसतं ते सांगा.

सांजवेळ
शनिवार, सकाळी ११.०५

डबा आला! 'धिस पीसी'ही आलं. पण सी ड्राइव्ह अजून कोरा, आणि साधे फोल्डर सगळे कोरे. शिवाय डब्याचं एक विचित्र होतंय. त्यात काही टाकलं तरी चित्र रिकाम्याचंच राहतं, एफ५ दाबलं की मग भरलेला दिसतो.

कळफलक
शनिवार, सकाळी ११.३०

डब्याचं मी सांगतो, मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

रेजिस्ट्रीत डब्याच्या चित्राच्या तीन नोंदी असतात: डिफॉल्ट, एम्प्टी आणि फुल. डबा भरला किंवा रिकामा झाला की विंडोज 'डिफॉल्ट'मध्ये त्या त्या वेळचं चित्र भरतं. बाहेरचा आयकॉन लावला आणि त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'स्वल्पविराम शून्य' नसेल, तर ही अदलाबदल अडकते आणि चित्र आपोआप ताजं होत नाही. सजावटीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही चूक असते. तुम्ही रीस्टोअर डिफॉल्ट केलंय, तरी तिघांपैकी एखादी नोंद जुनी राहिली असेल.

रेजिस्ट्री एडिटर उघडा. एचकेईवाय करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, सीएलएसआयडी. तिथे ६४५एफएफ०४० ने सुरू होणारी की (रेजिस्ट्रीतला कप्पा) म्हणजे डबा. तिच्यात डिफॉल्ट आयकॉन. एम्प्टीमध्ये 'इमेजरेस डॉट डीएलएल, उणे ५५' आणि फुलमध्ये 'उणे ५४' हवं. डिफॉल्टमध्ये या दोनांपैकी डब्याच्या आत्ताच्या अवस्थेचं. (मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

बदल करण्याआधी त्या कीवर उजवं क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा. ती फाईल डेस्कटॉपवर ठेवा. काही बिघडलं तर तिच्यावर दोनदा क्लिक केलं की तुम्ही बदललेल्या नोंदी जुन्या किमतींवर येतात.

जुनी_खिडकी
शनिवार, दुपारी १२.१५

कळफलक यांनी सांगितलेलं एक्स्पोर्ट विसरू नका, पुढच्या दोन्ही ठिकाणीही आधी तेच करा.

सी ड्राइव्ह: एचकेईवाय लोकल मशीन, बाकी वाट तीच, एक्सप्लोररमध्ये 'ड्राइव्ह आयकॉन्स' नावाची की. तिच्यात 'सी' नावाची उपकी असेल तर तीच तुमची वळवलेली पाटी. ती 'सी' उपकी खोडा.

फोल्डर: तिथेच 'शेल आयकॉन्स' नावाची की बघा. हात न लावलेल्या विंडोजमध्ये ही की नसतेच. सजावटवाले ती तयार करतात आणि आत आकड्यांच्या नावाने नोंदी ठेवतात. ३ म्हणजे बंद फोल्डर, ४ म्हणजे उघडा फोल्डर, २९ म्हणजे शॉर्टकटवरचा छोटा बाण. त्या नोंदी खोडल्या की विंडोज आपसूक स्वतःच्या चित्रांकडे वळतं.

मग आयकॉन कॅश. विंडोज चित्रं दर वेळी नव्याने काढत नाही, एकदा काढलेली साठवून ठेवतं. पाटी बरोबर लागली तरी साठवणीत कोरा कागद असेल तर कोरा कागदच दिसेल. बरेच लोक इथे निराश होऊन चांगल्या दुरुस्त्या परत उलट्या करतात. विंडोज १० आणि ११ मध्ये ही साठवण ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर या फोल्डरात 'आयकॉनकॅश'ने सुरू होणाऱ्या अनेक फायलींत असते. विंडोज ७ मध्ये लोकलमध्येच एकटी 'आयकॉनकॅश डॉट डीबी' असायची, जुन्या लेखांत तोच पत्ता सापडतो आणि लोक तिथे शोधत बसतात.

एक्सप्लोरर चालू असताना या फायली खोडता येत नाहीत. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरात जाऊन थांबा. मग टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर 'एंड टास्क' करा. टास्कबार, डेस्कटॉप सगळं नाहीसं होईल, घाबरू नका. प्रॉम्प्टमध्ये 'डेल आयकॉनकॅश' आणि लगेच तारांकन. मग तिथेच 'एक्सप्लोरर' लिहून एंटर. नंतर एकदा रीस्टार्ट.

पारवा
शनिवार, दुपारी १२.४०

या धाग्यावर कोणी वेगळ्या कारणाने आलं असेल तर एक. मी रेनमीटर (डेस्कटॉपवर विजेट दाखवणारं सॉफ्टवेअर) काढलं आणि डेस्कटॉपवर एकही आयकॉन नाही. कोरे कागदसुद्धा नाहीत, नुसता वॉलपेपर. रेनमीटर विंडोजच्या आयकॉनना हात लावत नाही. स्किन छान दिसावी म्हणून मीच कधीतरी आयकॉन लपवले होते आणि विसरलो. डेस्कटॉपवर उजवं क्लिक, व्ह्यू, 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'. सगळे जागच्या जागी आले. मी तोवर सिस्टिम रीस्टोअरच्या तयारीत होतो.

सांजवेळ
शनिवार, दुपारी ३.५०

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. 'ड्राइव्ह आयकॉन्स'मध्ये 'सी' होती, 'शेल आयकॉन्स'मध्ये ३ आणि ४. खोडल्या, कॅश उडवली. सी ड्राइव्ह आला. फोल्डर पिवळे झाले. डब्यात काही टाकल्याबरोबर तो भरलेला दिसतो.

उरलंय ते माझ्याच हाताने गेलेलं: डाउनलोड्स, पिक्चर्स, डॉक्युमेंट्स. ते साधे पिवळेच आहेत.

कळफलक
शनिवार, संध्याकाळी ५.२०

'डेस्कटॉप डॉट आयएनआय सगळ्या उडवा' असं सांगणाऱ्या व्हिडिओंनी फार लोकांचं नुकसान केलंय. त्या फायली व्हायरस नाहीत, कचराही नाहीत. फोल्डरचं चित्र कोणतं हे तीत लिहिलेलं असतं. सजावटीच्या सॉफ्टवेअरने तुमच्या एखाद्या फोल्डरात जी टाकली असेल ती जायला हवी होती हे खरं. पण विंडोजच्या स्वतःच्या खास फोल्डरांतही तीच फाईल असते, आणि तुम्ही दोन्ही एकत्र उडवल्या. तुमच्या मनाने रंगवलेल्या एखाद्या फोल्डरचं चित्र काढायचं असेल तर फाईल शोधायची गरजही नसते. प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन, रीस्टोअर डिफॉल्ट्स.

आता परत कशी आणायची. नोटपॅडमध्ये हाताने लिहिता येते. पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'डॉट शेल क्लास इन्फो', पुढच्या ओळीत 'आयकॉन रिसोर्स बरोबर' आणि इमेजरेसचा पत्ता, शेवटी आकडा. डाउनलोड्सचा उणे १८४, डॉक्युमेंट्सचा उणे ११२, पिक्चर्सचा उणे ११३. पण हाताने लिहिताना एक स्वल्पविराम चुकला तरी चालत नाही. त्यापेक्षा सोपी वाट आहे.

लॅपटॉपवर एक नवीन युजर खातं बनवा आणि एकदा त्यात लॉगइन करा. विंडोज त्या खात्याचे डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स नव्याने मांडतं आणि प्रत्येकात ताजी डेस्कटॉप डॉट आयएनआय टाकतं. परत तुमच्या खात्यात या आणि ती फाईल तिथून तुमच्या त्याच फोल्डरात आणा. ती लपलेली आणि सिस्टिमची असल्यामुळे साध्या कॉपी-पेस्टला दिसत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड वापरा: आधी नव्या खात्याच्या डाउनलोड्सचा पत्ता, मग तुमच्या डाउनलोड्सचा, मग फायलीचं नाव. लपलेपणा वगैरे गुणांसकट ती येते. तरी चित्र आलं नाही तर फोल्डरला 'ॲट्रिब अधिक आर' द्या. फोल्डरवर रीड-ओन्ली किंवा सिस्टिम यांपैकी एक खूण नसेल तर विंडोज ही फाईल वाचतच नाही. ती खूण फोल्डरवर असली म्हणून आतल्या फायली बदलता येत नाहीत असं काही होत नाही, निर्धास्त राहा.

हे नवीन खातं लगेच खोडू नका. तपासायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. एखादा आयकॉन नव्या खात्यात नीट दिसतो आणि तुमच्यात बिघडलेला, तर बिघाड तुमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे करंट युजरच्या नोंदींत. नव्या खात्यातही बिघडलेला असेल तर लोकल मशीनच्या नोंदींत किंवा सिस्टिमच्या फायलींत. शोधायचं क्षेत्र एका झटक्यात निम्मं होतं.

सांजवेळ
शनिवार, रात्री ९.३०

तिन्ही आले. नवीन खात्याची युक्ती फारच उपयोगी पडली.

उद्या बाबांचा घेते. त्याआधी विचारते: त्यांच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'पॅच सिस्टिम फाइल्स' असं काहीतरी टिक केलेलं दिसतंय. माझ्याकडे ते नव्हतं. यानं काही फरक पडतो का?

जुनी_खिडकी
शनिवार, रात्री १०.१०

पडतो, बरं झालं आधी बघितलंत. पॅच म्हणजे पाटी वळवणं नव्हे, प्रत्यक्ष विंडोजच्या डीएलएलमधली चित्रं बदलणं. अशी सॉफ्टवेअर मूळ फायलीची प्रत बाजूला ठेवतात आणि काढताना ती परत बसवतात. अडचण अशी की मधल्या काळात विंडोजचे अपडेट येऊन गेलेले असतात. दोन वर्षांपूर्वीची प्रत आजच्या विंडोजमध्ये बसवली तर ती जुन्या आवृत्तीची असते. म्हणून सॉफ्टवेअर गेल्यावर सिस्टिम फायली तपासायच्याच.

एक दिलासा: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही चित्रं डीएलएलमधून काढून 'सिस्टिम रिसोर्सेस' फोल्डरातल्या 'डॉट एमयूएन' फायलींत हलवली. जुनी पॅच करणारी साधनं सिस्टिम३२ मधल्या डीएलएलमध्ये शोधत राहतात, तिथे आता चित्रं नसतात. त्यामुळे पॅच लागलाच नसेल ही शक्यता बरीच आहे. पण अंदाजावर सोडू नका.

उद्याचा क्रम माझ्या मते असा ठेवा.

सगळ्यात आधी सिस्टिम रीस्टोअर पॉइंट. 'क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट' शोधा आणि सी ड्राइव्हपुढे प्रोटेक्शन 'ऑन' आहे का बघा. अनेक लॅपटॉपवर ते बंदच असतं आणि वेळ आल्यावर कळतं की परतीची वाटच नाही. चालू करा, पॉइंट बनवा, बाबांच्या कागदपत्रांना त्याचा धक्का लागत नाही.

मग सॉफ्टवेअर उघडून त्याच्या आतूनच सगळं मूळपदावर आणा. आयकॉन पॅक डिफॉल्ट, थीम विंडोजची, पॅचची टिक असेल तर त्याचं 'अनपॅच' किंवा 'रीस्टोअर' जे बटण असेल ते. डॉक बंद. 'स्टार्ट विथ विंडोज'ची टिक काढा. रीस्टार्ट करा आणि डोळ्यांनी बघा: डबा, ड्राइव्ह, फोल्डर विंडोजचे दिसतायत ना? अनइन्स्टॉल त्यानंतरच. एखादी गोष्ट अजून टोपलीवालीच असेल तर ती आत्ता, सॉफ्टवेअर जिवंत असताना सोडवा.

अनइन्स्टॉल नेहमीच्या विंडोजमध्येच करा, सेफ मोडमध्ये नको. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवा मुळात चालत नाही, बरेच अनइन्स्टॉलर तिथे अर्धवट अडकतात. आणि अनइन्स्टॉल अर्धवट अडकणं ही सगळ्यात वाईट अवस्था. तसं झालंच तर मायक्रोसॉफ्टचा 'प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल' ट्रबलशूटर आहे, तो वापरा.

मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट. विंडोजच्याच दुरुस्तीच्या दोन कमांड चालवा. आधी 'डिझम', ऑनलाइन, क्लीनअप इमेज, रीस्टोअर हेल्थ. ते संपल्यावर 'एसएफसी स्कॅननाऊ'. एसएफसी बिघडलेली फाईल विंडोजच्या आतल्या साठ्यातून बदलतं. तो साठाच खराब असेल तर डिझम तो आधी नीट करतं, म्हणून हा क्रम. दोन्हींना वेळ लागतो, मध्ये टक्केवारी अडकल्यासारखी वाटते, खिडकी बंद करू नका.

धुकं
शनिवार, रात्री १०.४५

एक भर. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सप्लोररऐवजी स्वतःचं शेल (डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्राम) लावायची सोय असेल तर ती आधी बंद करा. विंडोजला सुरू होताना कोणतं शेल उघडायचं हे रेजिस्ट्रीतल्या विनलॉगॉन कीच्या 'शेल' नोंदीत असतं, तिथे 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' हवं. माझ्याकडे ते बदललेलं राहिलं आणि सॉफ्टवेअर काढल्यावर लॉगइननंतर नुसता काळा पडदा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो. तिथून 'रन न्यू टास्क', एक्सप्लोरर. मग रेजिस्ट्रीत जाऊन नोंद नीट केली.

कळफलक
रविवार, सकाळी ८.१५

तुमच्या बाबांना आयकॉनची जागा महत्त्वाची आहे म्हणालात, त्यावर कोणी बोललं नाही अजून. एक्सप्लोरर बंद-चालू होताना, रिझोल्यूशन बदललं तर, सगळी मांडणी विस्कटू शकते. दोन गोष्टी करा. सुरू करण्याआधी मोबाइलवर त्यांच्या डेस्कटॉपचा स्पष्ट फोटो घ्या. आणि रेजिस्ट्रीत करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल, बॅग्ज, १, डेस्कटॉप ही की एक्स्पोर्ट करून ठेवा, आयकॉनच्या जागा तिच्यात असतात. परत बसवताना आधी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचा, मग कमांडने इम्पोर्ट, मग एक्सप्लोरर चालू. एक्सप्लोरर चालू ठेवून इम्पोर्ट केलंत तर तो जाता जाता आपली मांडणी वरून लिहून टाकतो.

आणि पूर्ण काढायचं म्हणता तर अनइन्स्टॉलनंतर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटरनल्स संचातलं ऑटोरन्स चालवा, विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते त्यात दिसतं. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे यादी आटोपशीर होते. लॉगऑन, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस आणि विशेष करून एक्सप्लोरर हा टॅब बघा. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाईल नाही. त्या सॉफ्टवेअरच्या नावाच्या ओळींची फक्त टिक काढा. लगेच डिलीट नको. एकदोन दिवस लॅपटॉप नीट चालला की मग खोडा. ॲपडेटाच्या लोकल व रोमिंगमधले आणि प्रोग्रामडेटामधले त्याचे फोल्डर सगळ्यात शेवटी, कारण एखादा शॉर्टकट अजून तिथल्या चित्राकडे बोट दाखवत असू शकतो.

मधली_सुट्टी
रविवार, सकाळी ९.००

काल मी घाईत लिहिलं होतं. रीसेटने प्रोग्राम जातात हे लक्षात आलं नव्हतं. सांजवेळ यांनी ते केलं नाही हे बरं झालं. हा क्रम मी जपून ठेवतोय.

सांजवेळ
रविवार, दुपारी ४.४०

बाबांचा झाला. सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

फोटो घेतला, बॅग्जची की एक्स्पोर्ट केली. रीस्टोअर पॉइंट बनवायला गेले तर खरंच प्रोटेक्शन 'ऑफ' होतं. चालू करून बनवला. सॉफ्टवेअरच्या आतून आयकॉन पॅक डिफॉल्ट केला, पॅचच्या पानावरचं 'रीस्टोअर' दाबलं, रीस्टार्ट. डबा आणि फोल्डर परतले, पण ड्राइव्ह टोपलीच्याच पंथातला राहिला. सॉफ्टवेअर जिवंत होतं म्हणून परत आत शोधलं, तर ड्राइव्हसाठी वेगळं पान होतं. तिथून 'डिफॉल्ट' केल्यावर आला. काल माझ्या लॅपटॉपवर याच एका गोष्टीसाठी रेजिस्ट्रीत उतरावं लागलं होतं.

मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. एकही कोरा कागद नाही. डिझम नीट पार पडलं. एसएफसीने काही फायली बिघडलेल्या सापडल्या आणि दुरुस्त केल्या असं सांगितलं, परत चालवलं तर काहीही दोष नाही म्हणालं. म्हणजे पॅच कुठेतरी लागलेला होता, किंवा जुनी प्रत परत बसली होती. आयकॉन बघून हे कधीच कळलं नसतं.

ऑटोरन्समध्ये एक शेड्यूल्ड टास्क आणि एक्सप्लोररमधली एक पिवळी ओळ सापडली. दोन्हींच्या टिक काढल्या आहेत. मांडणी थोडी हलली होती, बॅग्ज इम्पोर्ट केल्यावर फोटोतल्यासारखी तंतोतंत बसली.

बाबांना बोलावलं. त्यांनी आधी पडद्याजवळ जाऊन डबा बघितला. मग एक जुनी फाईल उचलून त्यात टाकली, डबा भरलेला दिसला. रिकामा केला, रिकामा दिसला. परत एकदा तेच करून बघितलं.

एकच बारीक गोष्ट राहिली आहे. टास्कबारवर पिन केलेला त्यांचा मेलचा आयकॉन अजून पांढरा आहे. डेस्कटॉपवरचा त्याचाच आयकॉन मात्र नीट आहे.

पारवा
रविवार, संध्याकाळी ५.०५

टास्कबारवरचा पिन हा स्वतंत्र शॉर्टकट असतो, त्याची पाटी वेगळी. तो अनपिन करा, डेस्कटॉपवरून प्रोग्राम उघडा आणि चालू असताना परत पिन करा.

सांजवेळ
रविवार, संध्याकाळी ५.२०

आला. ओढून पूर्वीच्याच जागी, डावीकडून दुसरा ठेवलाय.